खोट्या पंगतीतली म्हातारी

बारामती
७ ऑगस्ट २०२५

आक्का,

शालनचा सप्रेम जय भीम.

फोन सोडून ही पत्र का लिहितीया म्हणून तुमी पोस्टमनला दारातच धारेवर धरलं असंल. एक तर तुमाला फोनवर निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुमी मनाचं घालता. दुसरं म्हंजे हितल्या सेंटरमधी माझा व्यायाम घेणाऱ्या आसावरीताईंनी हुकूमच सोडलाय, रोज हातानं कायतरी लिहायचं. ‘काय लिहू?’ म्हणलं, तर म्हणाल्या, ‘ज्यांच्याशी भांडावंसं वाटतं त्यांना पत्र लिहा, भराभर सुचतं.’ मग मला तुमच्याबिगर दुसरं कोण आठवणार! जावेवर जीव असतो हे ताईंना कुठं ठावं.

मे महिन्यात भिगवणच्या लग्नाहून येताना ह्यांच्या गाडीवरनं पडले, तितनं पुढचं पुण्याच्या दवाखान्यातलं मला काय आठवत न्हाय. ते तुमाला जास्त ठावं. मार लागला डोक्याच्या उजव्या अंगाला आणि अधू झाली डावी बाजू. असं कसं, म्हणून मी डॉक्टरवरच चिडले होते. आता पाय बरा हाय, काठी घेऊन चालते. हात उचलतो, पण मनात आलं तर. आणि सगळ्यात वंगाळ म्हंजे डावीकडचं मला कळतच न्हाय. डोळे चांगले हायेत, पण त्या बाजूला काय असतंय हेच डोकं इसरून गेलंय. परवा दिशावर मी तोंड सोडलं, ‘आईला साधी चटणी वाढता येत न्हाय व्हय गं?’ पोरगी बँकेतनं दमून आलेली. तिनं गुपचूप माझं ताट फिरवलं. चटणी, लिंबू, कांदा सगळं डाव्या अंगाला बसलं होतं. मलाच हसू फुटलं, मग दोघी हसलो.

सेंटरमधी डोळ्यावर एक डबा बांधतात. त्याला व्हीआर म्हणतात. बांधला की आपली खोली जाते आणि भलतंच जग दिसतं, मान फिरवंल तिकडं दिसतं. आपले हात बी त्यात दिसतात. पयल्यांदा मला चकचकीत दुकानात सोडलं, काचंच्या कपाटातनं डब्बे काढा म्हणं. मी जागची हलले न्हाय. मालकाला न इचारता कसं घ्यायचं? ताई पोट धरून हसल्या. आता पुण्याच्या इंजिनीअरिंगच्या पोरांनी केलेली आपली पंगत लावलीय. मांडव हाय, माणसं बसल्यात, मी वाढायची. वाढपाचं काम म्हणल्यावर बरं वाटलं.

आक्का, एक सांगते. मी मरायची ती वाचले. त्या पुण्याच्या डॉक्टरांचं, दिशाचं, ह्या आसावरीताईंचं, तुमचं, कुणाकुणाचं नाव घेऊ. रोज सकाळी उठले की पयलं तेच मनात येतं. फकस्त दिवाळीपातूर हात यावा आणि मी कळसला माझ्या चुलीवर यावी, शाळंच्या पोरांची खिचडी माझ्या हातानं व्हावी, एवढं मागणं हाय.

ह्यांना सांगा, जेवत जा.

तुमची
शालन


कळस
१४ ऑगस्ट २०२५

शालन हिस,

रतनचा जय भीम आणि आशीर्वाद.

पत्र पोचलं. काय बाई तरी तुझं लिहिणं! सगळा मजकूर कागदाच्या उजव्या कडंला, आणि डाव्या बाजूला एवढी मोकळी जागा की तितं ज्वारी पेरावी. मी म्हणलं कागद महाग झाला तरी हिला कळंना. मग तू लिहिलंस ते वाचून समजलं आणि डोळ्याला पदर लावला. पण लिही. कसंबी लिही.

शाळंत तुझ्या जागी मी जातीया. हेडमास्तर भला माणूस हाय. म्हणाला, ‘शालनबाईंची जागा दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी कुणाला देत नाही, पण त्यापुढं मला वरच्यांना उत्तर द्यावं लागेल.’ तवा तेवढ्यात ये. माझी कंबर बी सुट्टीपातूरच टिकंल. आणि पोरं मला ‘मोठ्या मावशीची खिचडी पातळ’ म्हणतात. मेल्यांनो, खाता का ती तरी!

श्रीपती भावजी बरे हायेत. आमच्यात येऊन जेवतात. आपलं ताट आपणच वाढून घेतात आणि भिंतीकडं तोंड करून बसतात.

तू त्या डब्यातल्या पंगतीत नीट वाढ. हितं अख्ख्या वस्तीचं लग्न एकटीनं वाढणारी तू, तितं काय अवघड हाय? डोळ्यात तेल घालून डावीकडं बघ. आसावरीबाईंना माझा जय भीम सांग. त्या पोरीला आईबापांनी चांगलं वळण लावलंय, तुझ्यासंगं हसते तरी.

रतन


बारामती
३० ऑगस्ट २०२५

आक्का,

जय भीम. आज जास्त लिहीत न्हाय.

डावीकडचं आता बरंच कळतंय. रस्ता ओलांडताना मान आपोआप वळते. दिशाची चटणी बी सापडते. पण हाताचं काय होईना. ताईंनी काल कागद दाखवला. पंगतीच्या खेळात डाव्या हाताचे मार्क शून्य. पयल्या दिवशी शून्य, काल बी शून्य. त्या बिचाऱ्या माझ्यापुढं खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, ‘शालनमावशी, टेबलावर मी हात उचलायला सांगते तेव्हा उचलतो. मग आत गेल्यावर काय होतं?’ मी म्हणलं, ‘जमत न्हाय.’

डबा एकच हाय आणि माणसं लय. मोठे डॉक्टर म्हणाले, महिनाभरात फरक न्हाय दिसला तर माझी वेळ दुसऱ्याला द्यावी लागंल. त्यांचं बरोबर हाय. दौंडचा एक तरणा गडी रांगंत हाय, त्याची लेकरं लहान.

शाळंत दुसरी बाई बघायला सांगा हेडमास्तरांना. उगी कुणाचा खोळंबा नको.

शालन


कळस
६ सप्टेंबर २०२५

शालन,

तुझं पत्र वाचलं आणि माझं टाळकं फिरलं. दुसरी बाई बघा म्हणं! सोपं हाय व्हय?

मी काय दूधखुळी न्हाय. टेबलावर हात उचलतो आणि डब्यात उचलत न्हाय, असा कुठं हात असतो का? तुला उचलायचाच न्हाय. तुला कळसला यायचंच न्हाय. खरं सांग, श्रीपती भावजींवर राग धरलायस ना? त्यांच्या गाडीवरनं पडलीस म्हणून त्यांच्या घरात पाऊल नको, असंच ना? अगं, त्या माणसानं गाडी इकून टाकली. एस.टी.साठी हमरस्त्यापातूर चालत जातो, पर कुणाच्या मागं बसत न्हाय. ‘मी हळू चालवायला पायजे होती वहिनी’ एवढंच एकदा म्हणाला. आणि तू तितं लेकीच्या फ्लॅटात पंख्याखाली बसून मार्काचं रडगाणं गातीस.

एवढी माणसं तुझ्यासाठी झिजली. त्या पुण्याच्या डॉक्टरनं तुला मरणाच्या दारातनं ओढून आणली ती काय हात मांडीवर ठिवायला?

राग आला तर येऊ दे.

रतन


बारामती
१२ सप्टेंबर २०२५

आक्का,

तुमच्या जिभेला काय हाड हाय का न्हाय! पत्र वाचून दिवसभर जेवले न्हाय. दिशा घाबरली.

ह्यांच्यावर माझा राग न्हाय. कुत्रं आडवं आलं, त्याला ते काय करतील? त्यांना सांगा, मी त्यांना एका शब्दानं बोलले न्हाय आणि बोलणार न्हाय. मला घरी यायचंय. सपनात बी मी कळसलाच असते.

तुमी इचारलं तर ऐका. त्या डब्यात माझा उजवा हात दिसतच न्हाय. ताईंनी मुद्दाम बंद केलाय, डाव्याला काम पडावं म्हणून. म्हंजे त्या माणसांना मी डाव्या हातानं वाढायचं. आक्का, माझा हात जात न्हाय. उचलत न्हाय असं न्हाय. मी उचलू देत न्हाय. खोटी माणसं हायेत हे मला कळतंय. पण ती ताटावर बसल्यात, माझ्या तोंडाकडं बघत्यात.

तुमाला एकदा चुलीपाशी सांगितलं होतं. मी सहा-सात वर्साची असंन. आई एका वस्तीवर काढणीला जायची. दुपारी त्या घरची बाई ओसरीवरच्या माणसांना उजव्या हातानं वाढायची, वाढता वाढता डाव्या हातानं भाकरी आईच्या पदरात टाकायची. वरनं. तोंड दुसरीकडं करून. आई ती भाकरी घेऊन बांधावर आली आणि मला म्हणाली, ‘शालन, तू मोठी झालीस की कुणाला बी दे, पर असं देऊ नको.’ तवापासनं मी भिकाऱ्याला बी कधी डाव्या हातानं दिलं न्हाय.

दिशाला बोलता बोलता म्हणलं, डाव्या हातानं वाढायचं बरं न्हाय, तर म्हणते, ‘आई, आपण शुभ-अशुभ मानत नाही ना?’ शुभ-अशुभाचं न्हाय गं बाई हे. मानाचं हाय. पण तिला तरी सगळं कसं सांगू? आणि आसावरीताईंना सांगायचं म्हंजे आईचा पदर त्यांच्यापुढं पसरल्यागत होईल. त्या लय मायाळू हायेत, म्हणूनच सांगवत न्हाय.

हे तुमच्यापाशीच ठिवा. कुणाला सांगू नका. तुमाला माझी शपथ हाय.

शालन


कळस
१८ सप्टेंबर २०२५

आसावरीबाईंस,

रतनचा जय भीम.

मी शालनची थोरली जाऊ. आपली भेट न्हाय. कान गेल्यात म्हणून फोन करत न्हाय, पत्र लिहिते. सातवी शिकलीया, चुकलंमाकलं समजून घ्या.

शालनचा हात मेला न्हाय. ती मुद्दाम उचलत न्हाय. तिनं मला शपथ घातलीया सांगू नको म्हणून. शपथेनं कुणी मरत न्हाय, पर हात न्हाय आला तर ती जितेपणी मरंल, म्हणून सांगते. ती माझ्याशी वर्सभर बोलली न्हाय तरी चालंल.

सोबत तिचं पत्र ठिवलंय. तुमी स्वतःच वाचा. वाचून झालं की मला परत पाठवा, आणि तिच्यापुढं त्या पत्राचं नाव काढू नका. मी बी तिला आधी लय बोलले. घरी येऊ वाटत न्हाय म्हणून नाटक करतीया असं म्हणले. चुकलंच माझं.

तुमचा काय दोष न्हाय. तुमी तिच्या बऱ्याचंच करताय. तेवढी तिची वेळ काढून घेऊ नका, एवढी इनंती हाय.

रतन


बारामती
२७ सप्टेंबर २०२५

आदरणीय रतनमावशी,

नमस्कार.

तुमचं पत्र दवाखान्यात वाचायला घेतलं आणि पुढच्या पेशंटला दहा मिनिटं बाहेर बसवलं. शालनमावशींचं पत्र सोबत परत पाठवत आहे.

उजवा हात बंद ठेवून डाव्याला कामाला लावायचं, ही आमची पद्धत चांगली आहे आणि तिनं पुष्कळांचे हात आले आहेत. पण मावशी, माझ्या स्वतःच्या घरी मी डाव्या हातानं वाढलं तर आजी माझ्या हातावर चमचा मारायची. तरी पंगत लावताना मला हे सुचलं नाही. डोळ्यावर तो चष्मा चढला की समोर फक्त व्यायाम आहे असं आम्ही धरून चालतो. शालनमावशींनी मात्र त्या माणसांना माणसंच मानलं. त्यांच्या आईचं तर मी दोनदा वाचलं.

त्याच दिवशी पुण्याच्या मुलांना फोन केला. म्हटलं, उजवा हात परत दिसू द्या आणि वाढायची पळी काढून टाका. वाढलेलं ताट द्या, आणि ते दोन्ही हातांनी धरल्याशिवाय उचललंच जाणार नाही असं करा. ताट डावीकडे ठेवा, म्हणजे डावा हात आधी पुढे जाईल. मानानं द्यायचं तर आपण दोन्ही हातांनीच देतो ना? पोरांनी चार दिवसांत करून दिलं. मोठ्या डॉक्टरांशी बोलले. शालनमावशींची वेळ दिवाळीपर्यंत त्यांचीच राहील, आणि दौंडच्या पेशंटला संध्याकाळची वेळ काढून दिली आहे.

तुमचं पत्र आल्याचं मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं तर मात्र मला खोटं बोलता येत नाही, आधीच सांगून ठेवते.

परवा नवीन पंगत लावली. बाकी त्याच लिहितील. मी मात्र तुमचे मनापासून आभार मानते. तुम्ही शपथ मोडली नसती तर मी एक चांगला हात कामातून गेला असं कागदावर लिहून मोकळी झाले असते.

तुमची
आसावरी


बारामती
१० ऑक्टोबर २०२५

आक्का,

जय भीम.

पोटात एक गोष्ट ठरत न्हाय तुमच्या! मी काय खुळी हाय व्हय? डब्यातली पळी जाते काय, ताटं येतात काय, आणि ताई मला म्हणतात, ‘मावशी, दोन्ही हातांनी द्या, मानानं.’ तवाच मी वळखलं, हे कळसहून आलंय. ताईंना सरळ इचारलं, तर त्यांचं तोंडच सांगत होतं. शपथ मोडली म्हणून तुमच्याशी भांडणार होते. तीन दिवस भांडण जुळवलं. मग राहिलं बाजूला.

आता काय झालं ते ऐका. ताट डाव्या अंगाला ठिवलेलं. मी उजवा हात नेला, ताट हलंना. डावा गेला, आपसूक गेला आक्का, मी सांगितलं बी न्हाय त्याला. थरथरत गेला पर गेला. दोन्ही हातांनी ताट उचललं आणि पयल्या माणसापुढं ठिवलं. मग दुसऱ्यापुढं. ताटाला वजन न्हाय, खालनं वाफ न्हाय, तरी माझे खांदे भरून आले. एक एक करत डावीकडं सरकत गेले. तर टोकाला एक म्हातारी बसलेली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, मान खाली. मी म्हणलं, ‘ताई, ही कवा आली?’ ताई म्हणाल्या, ‘मावशी, ती पहिल्या दिवसापासून तिथंच आहे.’

इतके दिवस ती उपाशी बसली होती आणि मला दिसली न्हवती.

मी तिच्यापुढं वाकले. ताट दोन्ही हातांनी दिलं. आईचं तोंड तिला न्हवतं, खोटं कशाला सांगू, पर आईला दिल्यागतच दिलं. मग मला कायबी दिसंना. ताईंना वाटलं, घामानं काच धुरकटली. त्यांनी डबा काढला आणि मला बघून त्या बी खालीच बसल्या. दोघी रडलो. बाहेर दिशा उभी. तिला मी त्याच दिवशी आईचं सगळं सांगितलं. पोरीनं माझा डावा हात धरला तो घरापातूर सोडला न्हाय.

आता मार्क वाढत्यात. कालच्याला ताट एकदाबी पडलं न्हाय. खरा पेला बी धरते. बटण मात्र अजून लागत न्हाय, आणि ताई म्हणतात काही गोष्टी राहतीलच. राहू द्या. जेवढं आलं तेवढ्यानं माझं घर चालंल.

आक्का, तुमचे उपकार मी फेडायच्या भानगडीत पडत न्हाय, ते फिटायचे न्हाईत. तुमी मला घालून पाडून बोललात ते बी उपकारातच धरते. हेडमास्तरांना सांगा, बाई येतीया.

तुमची
शालन


कळस
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय आसावरीताई,

शालनचा आणि आक्कांचा जय भीम. आक्का शेजारीच बसल्यात आणि काय लिहितीस म्हणून कागदात डोकावत्यात.

शाळा सुरू झाली. मोठं पातेलं मला एकटीला झेपत न्हाय, ते आक्का एका कानाला धरतात आणि मी दुसऱ्याला. पर वाढते मीच. एका पोराला दिलं की मान वळवून शेवटचं पोर बघते. तुमी लावलेली सवय हाय ती. हेडमास्तरांनी पयल्या दिवशी मला खुर्ची आणून दिली. मी म्हणलं, ‘सर, बसून वाढतात व्हय कुठं?’ पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि खिचडी घट्ट झाली म्हणून परत एकदा वाजवल्या. आक्कांना ते झोंबलंय, अजून बोलत्यात.

दौंडच्या त्या भावाचा हात कसा हाय? त्याला सांगा, मी त्याचं नाव रोज घेते.

ताई, आता घरातलं सांगते, तुमाला सांगायलाच पायजे. मी आले त्या दिवशी आक्कांनी भाकरी केली. हे आपले नेहमीसारखे उठले आणि स्वतःचं ताट घ्यायला फळीकडं गेले. मी म्हणलं, ‘बसा.’ तसे बसले, पर मान वर करंनात. मी भाकरी ठिवली, कालवण ठिवलं, चटणी ठिवली आणि ताट उचललं. खरं ताट, स्टीलचं. जड असतं हो ते, तुमच्या डब्यातल्यासारखं न्हाय. डावा हात कापत होता, कालवण काठापातूर येत होतं. ह्यांनी ते बघितलं आणि धरायला हात पुढं केले. मी म्हणलं, ‘थांबा, मला देऊ द्या.’

चालत गेले. त्यांच्यापुढं वाकले. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि ताट तसंच धरून ढसाढसा रडायला लागले. मे महिन्यापासनं हा माणूस एकदाबी रडला न्हवता. मला ताट सोडवंना आणि त्यांना घेववंना. आक्का आतनं डोकावल्या आणि घाबरून वरडल्या, ‘काय सांडलं? काय सांडलं गं?’

मी त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणलं, ‘कायबी सांडलं न्हाय, आक्का.’

तुमची
शालन